पाण्याच्या टाकीमागं लावलेली गाडी

दाजी, गेले आठ महिने मी लातूरला बसने येत नव्हतो. गाडीनेच येत होतो.

तुमच्या गल्लीच्या दोन गल्ल्या अलीकडे जी पाण्याची टाकी आहे, तिच्यामागे गाडी लावायचो. उतरल्यावर केस थोडे विस्कटायचो, शर्टाची इस्त्री हाताने मोडायचो आणि खांद्याला पिशवी अडकवून चालत तुमच्या दारात यायचो. एकदा तर खिशातल्या रुमालाने चपलांवर धूळ सुद्धा लावली. पन्नाशी ओलांडलेला, मुदखेडच्या कचेरीत बसून दुसऱ्यांच्या अर्जांतली खोटी कारणं पकडणारा माणूस मी. माझं कारण मात्र कुणी तपासायला नव्हतं.

तुम्ही विचारायचात, "बसायला जागा घावली का, साहेब?"

मी म्हणायचो, "अहमदपूरपर्यंत उभाच होतो, दाजी."

वर "लई गर्दी होती" हे सुद्धा म्हणायचो. खोट्याला एक वीट कमी पडली की आपण दुसरी लावतो, तसं.

हे तुम्हाला समोर बसून सांगायचं होतं. दर वेळी येताना चाकूर मागे पडलं की मनाशी ठरवायचो, आज सांगून टाकू. आणि दर वेळी टाकी दिसली की स्टिअरिंग आपोआप डावीकडे वळायचं. परवा तुमचा जलदानविधी झाला. आता लिहूनच सांगतो. तुम्हाला माझं अक्षर लागायचं नाही, ही वेगळी गोष्ट.

गाडी घेतली तेव्हा शोरूममधल्या पोरीने विचारलं होतं, कलर कोणता. आमच्या घरात या विषयावर चर्चा होत नाही. मी आणि तुमची वहिनी एका सुरात म्हणालो, निळा. आमच्या खानदानातली ती पहिली चारचाकी. विहारापुढे उभी करून भन्तेजींकडून वंदना घेतली, पेढे वाटले, आणि पंधरा दिवसांत लोह्याच्या अलीकडे, खडी भरलेल्या एका टिप्परने माझ्या बॉनेटवर पहिला खडा मारला. टक्. एवढाच आवाज. मला तो माझ्या कपाळावर लागल्यासारखा वाटला. गाडी बाजूला घेऊन उतरून पाहिलं तर ज्वारीच्या दाण्याएवढा रंग उडालेला. मी तसाच पुढे लातूरला आलो. नांदेडहून निघालो होतो लोह्याला एका लग्नासाठी. त्या लग्नात आजपर्यंत आमचा आहेर पोचलेला नाही.

तुमचं डेंटिंग-पेंटिंगचं शेड घराला लागूनच. तुम्ही आधी गाडीकडे बघितलंच नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं.

"कोण गेलं?" तुम्ही विचारलं.

मी बोटाने बॉनेट दाखवलं. तुम्ही वाकलात, एक डोळा मिटून पाहिलंत आणि आत आवाज दिलात, "अगं, च्या टाक. साहेबाच्या पोरीला कांजण्याचा पयला फोड आलाय."

अक्का आतून हसली ते मला ऐकू आलं. मला राग आला होता. आता खरं सांगायचं तर तसा राग परत एकदा यावा असं वाटतं.

त्या दिवशी तुम्ही मला पहिल्यांदा शिकवलंत. खडा लागला की नुसता रंग जात नाही, खाली पत्रा उघडा पडतो. पत्र्याला हवा-पाणी लागलं की गंज रंगाखालून सरकत जातो. "वरून तीळ दिसतो, साहेब. खाली शेंगदाणा झालेला असतोय." म्हणून तीळ असतानाच भरायचं. गाडी धुऊन कोरडी करायची. सुईच्या टोकाने गंज खरवडायचा, थिनरच्या चिंधीने पुसायचा. उघड्या पत्र्यावर आधी प्रायमरचा ठिपका, तो वाळला की रंग. ब्रश घ्यायचा नाही. काडीपेटीची काडी तासायची आणि तिच्या टोकावर बसेल तेवढाच रंग उचलायचा. एका दमात खड्डा भरायचा नाही. एक थर, वाळू द्यायचा, मग दुसरा, मग तिसरा. रंग किंचित वर आला की आठ दिवस थांबून बारीक पाणीपेपरने घासून सपाट करायचं. झालं की नाही हे बघायला डोळे नाही वापरायचे, नख फिरवायचं. नख अडलं तर काम राहिलं.

मी सगळं वहीत लिहून घेतलं. घरी जाऊन काय केलं ते तुम्हाला माहीत आहे, तरी सांगतो, कारण अक्काच्या नातवंडांना अजून कळलेलं नाही आणि त्यांना माझ्याबद्दल आदर आहे.

जयंतीच्या वेळी स्टॉलवर पांढऱ्या चक्रांचे, "नमो बुद्धाय"चे सुंदर स्टिकर मिळतात. मी विचार केला, काडी तासत कोण बसणार. जिथे खडा तिथे स्टिकर. दोन वर्षांत माझ्या बॉनेटवर एवढे स्टिकर झाले की मुदखेडला लोक मला रस्त्यात थांबवून विचारायला लागले, मिरवणूक किती वाजता निघणार. तुम्ही मात्र बघितल्याबरोबर आत गेलात. अक्काचं केस वाळवायचं मशीन आणलंत, स्टिकर गरम करून हलक्या हाताने एकेक सोडवलात, आणि प्रत्येक चक्राखाली तांबडा गंज. नऊच्या नऊ.

तुम्ही सोडवलेले स्टिकर फेकले नाहीत. काचेच्या एका तुकड्यावर ओळीने लावून ठेवलेत. मग मला म्हणालात, "साहेब, ह्यानला गंज झाकायच्या कामाला लावू नका. लई मोठी कामं हायेत त्यानला."

बस्स, एवढंच. नंतर चार तास तुम्ही खरवडत बसलात आणि मी उलट्या टोपल्यावर बसून चिंध्या पुरवत राहिलो.

दाजी, गेलेल्या माणसाच्या तोंडी लोक शहाणपणाची वाक्यं घालतात. तुम्ही तसलं काही बोलल्याचं मला आठवत नाही. मी खात्याच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झालो तेव्हा कुणालाच तोंड दाखवलं नव्हतं, गाडीचं निमित्त करून तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही निकालाचं विचारलंही नाही. "ती चिंधी द्या. ती न्हाई, कोरडी." दिवसभर तुम्ही माझ्याशी एवढंच बोललात. संध्याकाळी मी नांदेडला परतलो तेव्हा पोट भरून जेवलो, आठ दिवसांनी पहिल्यांदा. त्या कोरड्या चिंधीचे आभार मी कधी मानले नाहीत. आता मानतो.

महिन्यातून एक रविवार असाच जायचा. खरं तर त्या रस्त्याचे आणि त्या खडीवाल्या टिप्परांचेही आभार मानायला हवेत. रस्ता चांगला झाला असता तर मी कोणत्या तोंडाने दर महिन्याला बहिणीकडे जेवायला आलो असतो.

आता भांडणाचं.

पोरीला बघायला उमरीहून पाहुणे यायचे होते. त्यांना स्टेशनवरून आणायला मी गाडी घेऊन जाणार होतो. माझ्या डोक्यात भरलं की बॉनेट नव्यासारखं दिसलं पाहिजे. तुमचे ठिपके जवळून दिसत नसले तरी कलत्या उन्हात दिसायचे, निदान मला दिसायचे. मी आलो आणि म्हणालो, "दाजी, ठिपके बास झाले. पूर्ण बॉनेटला स्प्रेच्या गनने रंग मारून द्या."

तुम्ही म्हणालात, "पाव्हणे पोरगी बघायला येऊलालेत का बॉनेट?"

"दोन्ही बघतात."

"कंपनीचा रंग भट्टीत भाजलेला असतोय. त्यो एकदा काढला की परत तसला येत न्हाई. वरून मारलेला रंग खडा लागला की पापुद्र्यानं जातोय. ऐका माजं."

मी ऐकलं नाही. तीन वेळा सांगितलं, तीन वेळा तुम्ही नाही म्हणालात. मग मी जे बोललो ते असं होतं: "दाजी, जमत नाही असं म्हणा ना सरळ. हात थकला म्हणा."

अक्का चहा घेऊन दारात उभी होती. तुम्ही हातातली काडी खाली ठेवलीत, माझ्याकडे न बघता म्हणालात, "हाव. न्हाई जमत."

मला वाटलं, रुसलात. मी चहा न पिता निघालो. चहा न पिता निघणं हे आमच्या घराण्यातलं सगळ्यात मोठं शस्त्र. ते मी तुमच्यावर चालवलं.

नांदेडला एकाकडून बॉनेट मारून घेतलं. चकाचक झालं. फक्त निळा थोडा गडद आला, शाईसारखा, आणि बाकीची गाडी मात्र आठ उन्हाळे खाल्लेली. दुरून बघितलं तर वाटायचं, एका गाडीने दुसरीचं तोंड मागून आणलंय. पाहुणे आले. स्टेशनवर होणाऱ्या जावयाने गाडीकडे बघून सावकाश विचारलं, "मामा, अपघात झाला होता का?" त्याला माझ्या मुलीशी लग्न करायचं होतं म्हणून मी त्याला माफ केलं.

पहिल्याच महिन्यात तीन खडे लागले. तुम्ही सांगितलं होतं तसेच पापुद्रे उडाले. त्यानंतर मी बॉनेटकडे बघणंच सोडलं. गाडी धुताना नळी धरायचो आणि मान दुसरीकडे करायचो. शेजारच्यांना वाटायचं, माझी मान धरलीय.

आणि तुमच्या दारात ती गाडी कोणत्या तोंडाने लावणार. म्हणून टाकी.

या आठ महिन्यांत एक गोष्ट मला खुपत होती, ती सांगायलाच हवी. मी आलो की तुम्ही दोन शब्द बोलायचात, बस, गर्दी, जागा. अक्का ताट वाढायची. आणि मी पहिला घास घेतला की तुम्ही उठायचात. "दही आणतो." पाऊण तासाने परत यायचात, दही घेऊन, घामाघूम. माझं जेवण तोवर झालेलं असायचं. मला वाटायचं, ह्यांना माझ्याबरोबर जेवायचं नाही. त्या बोलण्याचा ह्यांचा राग अजून गेलेला नाही. परतीच्या रस्त्यावर मी तुम्हाला मनातल्या मनात बरंच सुनवायचो. थकल्याला थकला म्हटलं तर एवढं काय लागावं. लोह्यापर्यंत मी जिंकलेलो असायचो.

तुम्हाला दवाखान्यात ठेवलं तेव्हा कळलं. डॉक्टर अक्काला आणि मला बाजूला घेऊन बोलले. छाती. तीस-पस्तीस वर्षं तोंडाला नुसता रुमाल बांधून गन मारलेली. दीड वर्षापूर्वीच त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं, स्प्रे पूर्ण बंद. मी अक्काकडे बघितलं. तिला माहीत होतं. तुम्ही गन कधीच पोरांच्या हातात देऊन टाकली होती आणि गिऱ्हाइकांना सांगत होतात, मला आता बारीक कामच आवडतंय.

मी त्या दिवशीचं वाक्य आठवलं. "जमत नाही असं म्हणा ना सरळ." आणि तुम्ही सरळच म्हणाला होतात.

आत आलो तर तुमच्या नाकातोंडावर मास्क. मी तुमचा हात धरला. नखांच्या कडेला तो जुना रंग, कितीही धुतला तरी न जाणारा. माझ्या ओठांवर सगळं आलं होतं, टाकी, बॉनेट, ते वाक्य. तुम्ही मास्क किंचित बाजूला केलात आणि विचारलंत, "बसनं आलाव?"

मी म्हणालो, "हाव."

तुम्ही डोळे मिटलेत आणि तुमचे खांदे हलले. मला वाटलं धाप लागली, मी नर्सला हाक मारली. तिने आम्हाला बाहेर काढलं. तुमच्याशी बोललेला माझा शेवटचा शब्द तो, दाजी. खोटा.

चार दिवसांनी सकाळी फोन आला. मी कसा निघालो, कसा आलो, मला नीट सांगता येणार नाही. चाकूरच्या अलीकडे एका टिप्परच्या फार जवळ गेलो होतो एवढं आठवतं, कारण काचेवर वाळू आल्यासारखा आवाज झाला. तुमच्या दारात पोचलो तेव्हा लोक जमले होते. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की मला धाप लागली आहे, कारण मी पळत आलोय. आणि पळत आलोय, कारण गाडी टाकीमागे लावलीय. तुम्ही बघायला नव्हता, तरी लावली.

जलदानविधीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, अक्का भांडी मोजत बसली होती. मंडपवाल्याची पातेली परत द्यायची होती. ती म्हणाली, "बाळू, गाडी आण दारात."

मी म्हणालो, "अक्का, मी बसने..."

तिने पातेल्यातून मान वर केली. "किती दिवस बसनं येणार हायस रे?"

मी चावी घेतली आणि चालत टाकीकडे गेलो.

म्हटलं, दारात न्यायच्या आधी एकदा बघून तरी घेऊ, किती वाट लागलीय. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी त्या बॉनेटपुढे नीट उभा राहिलो. पहिल्या महिन्यातले ते तीन पापुद्रे कुठे होते ते मला पक्कं माहीत होतं. नंबर प्लेटच्या वर, उजव्या हाताला. तिथे काहीच नव्हतं. वाकून पाहिलं. नख फिरवलं. नख अडलं नाही. इकडून फिरवलं, तिकडून फिरवलं. एक डोळा मिटून उन्हात तिरकं बघितलं तेव्हा कुठे त्या शाईसारख्या निळ्यात त्याच शाईचा एक ठिपका दिसला, घासून सपाट केलेला. मग दुसरा. मग बघतच राहिलो. असे चौदा होते.

दाजी, त्या बॉनेटचा रंग तुमच्याकडे असण्याचं काही कारण नव्हतं. तो तुम्हाला न विचारता, दुसऱ्याने, चुकीचा मारला होता. त्याच्याशी जुळेल असा निळा तुम्ही नव्याने मिसळला असणार. डोळ्याने बघून बघून.

मी गाडी दारात आणली. अक्का पातेली ठेवायला आली तर मी तिला बॉनेटच दाखवलं. तिने पदराने हात पुसले.

"तू जेवायला बसलास की जायचे," ती म्हणाली.

"दही आणायला."

"दही फ्रिजमदी असायचं." मग एका ठिपक्यावरून बोट फिरवत, "गिरणीवाल्या बाईनं पयल्याच रविवारी सांगितलं हुतं, तुमच्या भावाची गाडी टाकीमागं उभी हाय म्हणून. म्या म्हणलं, त्याला विचारते. तर हे म्हणले, विचारू नको. लाजंल, आन् यायचा बंद हुईल."

अक्का आत गेली आणि शेडमधल्या फळीवरून गोळ्यांची एक रिकामी बाटली घेऊन आली. तळाला बोटभर रंग. वर चिकटवलेल्या कागदावर तुमच्या त्या कुबड्या अक्षरात लिहिलेलं: "साहेब, बॉनेट नवं."

मी आठ महिने रस्त्यात तुम्हाला सुनवत होतो आणि तुम्ही श्वास पुरत नसताना दोन गल्ल्या चालत येऊन, उन्हात वाकून, माझ्या हट्टाला लागलेले खडे बुजवत होतात. दवाखान्यात तुमचे खांदे हलले ते आता मला कळतंय. मी नर्सला हाक मारायला नको होती. तुमच्याबरोबर हसायला हवं होतं.

माफी मागायला बसलो होतो, पण मागावीशी वाटत नाही. तुम्ही ती पहिल्याच रविवारी दिलेली दिसते. तेव्हा आभारच मानतो. बस किती भरली होती हे माझ्याकडून इतक्या वेळा तोंड न हलवता ऐकून घेतलंत, त्याबद्दल सुद्धा.

चौदाच्या खाली एक पंधरावा होता, न भरलेला. ताजा. त्या दिवशीचा, चाकूरच्या अलीकडचा. पत्रा उघडा होता आणि कडेने तांबूस व्हायला लागला होता. बारा दिवसांत. तुम्ही सांगितलं होतं तसंच.

मी सुई मागितली. अक्काने दिली, आणि उंबऱ्यात बसून राहिली. खरवडलं, पुसलं, प्रायमर लावून वाळू दिलं. काडी तासली, ती दोनदा मोडली. तिसरीच्या टोकावर रंग घेतला आणि श्वास रोखून टेकवला. ठिपका तिळाएवढा व्हायचा तो हरभऱ्याएवढा झाला आणि थोडा खाली ओघळला.

अक्का उठून बघायला आली. तुम्ही बघायचात तसा एक डोळा मिटून तिने बघितलं.

"लई मोठा झालाय," ती म्हणाली.

"हाव."

"ऱ्हाऊ दे. आठ दिवसांनी घासायला ये." ती पातेली उचलायला वाकली. "आन् गाडी दारात लाव. त्या टाकीपाशी रातची कुत्री बसतेत गाड्यांवर."

पुढच्या रविवारी येतो, दाजी. पाणीपेपर कुठल्या नंबरचा घ्यायचा ते वहीत सापडत नाहीये. शेडमधल्या पोरांना विचारतो. हसतील, हसू देत.